गोदा आंधळी होत नाही

खिडकीच्या जाळीला पुन्हा कापूस चिकटायला लागला आहे. म्हणजे जिनिंग सुरू झालं. दिग्रसमध्ये त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. दिवाळीचे दिवे उतरवले की आठवड्याभरात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, एसटीच्या टपावर, बायकांच्या केसांत पांढरे पुंजके बसायला लागतात आणि गावभर सरकीचा तो कोंदट, तेलकट, किंचित गोडसर वास भरून राहतो. बाहेरून आलेल्या माणसाला तो नकोसा होतो. मला आवडायचा. मागच्या वर्षीपर्यंत.

आता तो वास आला की एक आवाज ऐकू येतो. माझाच. दुपारची वेळ आहे, बाहेर गिरणीची घरघर चालू आहे आणि मी कोणाला तरी मोठ्यानं कादंबरी वाचून दाखवते आहे. आवाज चांगला लागला आहे. ऐकणारी पुढे झुकून बसली आहे. आणि मी जे वाचते आहे, ते पुस्तकात कुठंच नाही.

आधीच सांगून टाकते, मी इथं पश्चात्तापाचा सूर लावणार नाही. साठीला टेकलेल्या बाईच्या मनातलं सगळं किल्मिष निवळलेलं असावं, अशी लोकांची अपेक्षा असते. माझं निवळलं नाही. मी ते जपलं, वाढवलं आणि वापरलं.

ऐकणारी होती प्रमिला. माझी पमी. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. तिचे वडील आणि माझे बाबा एकाच कचेरीत टेबलाला टेबल लावून बसायचे. शाळेत एक बाक, कॉलेजात एक सायकल, ती दांड्यावर आणि मी पॅडलवर. लग्नानंतर मी तीस वर्षं राळेगावला काढली. नवरा गेल्यावर दिग्रसला परतले, तेव्हा पहिल्या दिवशी डबा घेऊन पमीच आली होती. दारातच म्हणाली, "आली का व मंगे? आता कुठी जायचं नाही." तोपर्यंत तिचे डोळे जायला लागले होते. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. उरला तो नुसता उजेड आणि त्यात हलणाऱ्या सावल्या. जिनं आयुष्यभर कचेरीत इतरांचे कागद वाचले, तिला आता औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येत नव्हतं. म्हणून मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन वाचून दाखवू लागले. वर्तमानपत्र, दिवाळी अंक आणि मागच्या हिवाळ्यात ती कादंबरी.

कादंबरीचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. आमच्या वाचनालयात नलूबाई दर शनिवारी वाचनमंडळ भरवतात. नलूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही कोणी उशिरा आलं की घड्याळाकडे बघणाऱ्या. मागच्या वर्षी त्यांनी ही जाडजूड ऐतिहासिक प्रेमकथा निवडली, कारण तिच्यावर नुकतीच मालिका आली होती. ठरलं असं, की आठवडाभर पानं वाचायची, शनिवारी चर्चा करायची आणि वाचनालयाच्या टीव्हीवर एक भाग बघायचा. आम्ही सात-आठ जणी. पमीला तिची सून रश्मी हात धरून आणायची. रश्मी स्वतःही वाचायची. सगळ्यांत तरुण सरला चव्हाण, जवळच्या तांड्यातली, इथल्या शाळेत शिक्षिका.

गोष्ट अशी. आजच्या काळातली रेवा एका जुन्या बारवेची मापं घ्यायला उतरते आणि वर येते ती दोनशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात. बारवेच्या काठावर लमाणांचा तांडा उतरलेला असतो. शेकडो बैल, पाठीवर मीठ आणि धान्याच्या गोण्या. तांड्याचा नायक हरसिंग आणि ती एकमेकांच्या प्रेमात पडतात. गावातल्या कारकुनाची मुलगी गोदा रेवाची मैत्रीण होते. आणि हीच गोदा एक दिवस छावणीतल्या साहेबाला पत्र पाठवते, की ही बाई हेर आहे. तांडा उधळला जातो, हरसिंग कैदेत पडतो, रेवा बारवेतून पुन्हा आपल्या काळात फेकली जाते.

मी ती कादंबरी वाचत होते ती निव्वळ कादंबरी म्हणून नव्हे. त्या हरसिंगला मी ओळखत होते.

पस्तीस वर्षांपूर्वी याच कापसाच्या दिवसांत मी टायपिंगच्या क्लासला जायचे. माझ्या शेजारच्या मशीनवर वसंत राठोड बसायचा. एका खाजगी शाळेत तो तात्पुरता शिक्षक होता. कळांवर तो इतक्या जोरात बोटं मारायचा, की कागदाला भोकं पडायची. त्याच्या घरच्यांची शेती होती, पण आजोबांच्या तोंडी अजून लदेणीच्या गोष्टी होत्या. लदेणी म्हणजे बैलांवर माल लादून निघालेला काफिला. वसंत सांगायचा, त्याचे पणजोबा बैलाच्या घंटेच्या आवाजावरून सांगायचे की कोणता बैल दमला आहे. तांड्याबाहेरच्या माणसाला त्यांच्या बोलीत कोर म्हणतात आणि स्वतःला गोर. एकदा त्यानं माझ्या कागदावर दोन्ही शब्द टाइप केले, एकाखाली एक. "पाह्य," म्हणाला, "तू कोर, मी गोर. बोट एका कळेवरून घसरलं की झालं."

त्याच्या आईला मी दोनदा भेटले. तिच्या हातातले बांगड्यांचे थर कोपराच्या वर गेलेले. तिनं मला समोर बसवून ज्वारीची भाकरी वाढली आणि माझं पोट भरलं तरी ताट उचलू दिलं नाही. मी तिला याडी म्हटलं. आई म्हणायचा त्यांचा शब्द. ती इतकी हसली, की पदर तोंडावर घेतला.

आम्ही यवतमाळला जाऊन लग्न नोंदवायचं ठरवलं होतं. हे फक्त पमीला माहीत होतं. तिनं साक्षीदार म्हणून येते म्हटलं होतं.

आणि पत्र आलं. निनावी. बाबांनी ते वाचलं, मला बोलावलं, आईला समोर उभं केलं आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "मोठ्यानं वाच." अक्षर छापील वळणाचं होतं, ओळखू न येणारं. दोनच वाक्यं. मी वाचली. "पोरीला सांभाळा. तांड्यावर भाकरी थापायला निघाली आहे." बाबांनी कागद परत घेतला, मागच्या अंगणात गेले आणि अंघोळीच्या बंबात टाकला. बंबात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जळत होत्या. दोन सेकंदांत त्याची राख झाली.

बाबा त्या शाळेच्या माणसांना भेटून आले. आठ दिवसांत वसंतची नोकरी गेली. तो एकदा आमच्या दारावर आला. मी आतल्या खोलीत होते, बाहेरून कडी लावलेली. बाबांचा आवाज चढला नाही, त्याचाही नाही. दोघं काय बोलले ते मला कधी कळलं नाही. दोन महिन्यांत माझं लग्न झालं आणि मी राळेगावला गेले.

माझा संसार वाईट झाला नाही. नवरा सरळ माणूस होता, कधी हात उगारला नाही, मी आजारी असले की स्वतः खिचडी टाकायचा. लोकांना वाटतं यावर बोलणं संपावं. पण एखाद्याचं दुसरं आयुष्य बरं निघालं म्हणून पहिलं चोरणाऱ्याची चोरी माफ होते का? मुक्कामाला नीट पोचले म्हणून मला भलत्याच गाडीत ढकलणाऱ्याचे मी आभार मानायचे का? वसंत सात वर्षांपूर्वी गेला. दवाखान्याच्या रांगेत दोन अनोळखी माणसांच्या बोलण्यातून मला ते कळलं. त्यांना काय माहीत, त्यांच्या मागे कोण उभं आहे.

त्या पत्रातला मजकूर मी कोणाला सांगितला नव्हता. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. पमीलाही नाही. तिला एवढंच सांगितलं होतं, की कोणीतरी बाबांना कळवलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली होती.

मागच्या हिवाळ्यातला तो शनिवार. गोदाच्या पत्राचं प्रकरण चर्चेला होतं. कादंबरीत ते पत्र दीड पानाचं आहे, जुन्या वळणाच्या भाषेत, मायन्यासकट. नलूबाई त्या भाषेचं कौतुक करत होत्या. पमी हसून म्हणाली, "पण बाई, एवढं लांबलचक कायले लिहावं? पोरीला सांभाळा, तांड्यावर भाकरी थापायला निघाली आहे. दोन वाक्यांत काम झालं असतं."

सगळ्या हसल्या. पमीला नेमकं बोलता यायचं, तिच्या बोलण्यावर लोक हसायचेच. सरला हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "काकू, माह्यी आई अजून थापते तांड्यावर भाकरी. तुम्ही या एकदा खायाले." हसू थांबलं. पमी म्हणाली, "अवं, मी तसं नाही म्हणलं बाप्पा." नलूबाईंनी टीव्ही लावला.

पडद्यावर काय चाललं होतं मला दिसलं नाही. ते वाक्य मी हजार वेळा मनात वाचलं होतं. त्यातला प्रत्येक शब्द, शब्दांचा क्रम, शेवटचं 'आहे'. रोजच्या बोलण्यात पमी वऱ्हाडी बोलते, पण ते वाक्य तिच्या तोंडून पुस्तकी निघालं, जसं लिहिलं होतं तसं. तिला कळलंही नाही. पस्तीस वर्षांत ती विसरली होती की हे वाक्य तिनं कुठून उचललं. स्वतःचीच ओळ तिला आठवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे वाचायला गेले. नेहमीसारखी. तिनं चहा सांगितला. चहात बारीकसा कापसाचा तंतू तरंगत होता, मी तो बोटानं काढला. पुस्तक उघडलं. आणि तिच्या त्या न दिसणाऱ्या, माझ्या आवाजाच्या दिशेनं विश्वासानं लावलेल्या डोळ्यांकडे बघताना मला कळलं, की या बाईला जे दिसतं ते सगळं आता माझ्या तोंडातून जातं.

पुस्तकात पत्रानंतर गोदा फारशी येत नाही. मी तिला आणलं. पहिल्या दिवशी थोडंच. गोदाच्या विहिरीवर पाखरं पाणी प्यायला येईनाशी झाली, असं एक वाक्य मी मधेच घातलं. लेखकाच्या लयीत घातलं, मला जमलं. पमी म्हणाली, "बापरे, काय लिहिलं आहे." दुसऱ्या दिवशी गोदाच्या लेकीनं माहेरी यायचं सोडलं. मग तिचा उजवा हात, ज्यानं लेखणी धरली होती, तो आखडला. मी रात्रीच्या जेवणाआधी घरी बसून मजकूर रचायचे आणि दुपारी पुस्तकावर डोळे ठेवून तो म्हणायचे. तो महिना मी जितकी खूश होते, तितकी बऱ्याच वर्षांत नव्हते. तुरीच्या शेंगा सोलता सोलता स्वतःशी हसायचे. भूक लागायची. झोप शांत.

पमी अस्वस्थ व्हायला लागली. "या गोदाच्या मागं काहून लागला हा लेखक?" तिनं एकदा विचारलं.

"तिनं केलं तसं तिले भेटून राह्यलं," मी म्हटलं.

"एका पत्रासाठी एवढं?"

"एका पत्रानं केवढं झालं, पाह्यलं ना तू."

मी पान उलटलं. आणि त्या दिवशी मी गोदाला आंधळी केलं. सावकाश केलं. आधी कडेचं दिसेना, मग मधलं. पमीचं बोट खुर्चीच्या हातावर पुढं मागं फिरत होतं. मी थांबले नाही. गोदाला शेवटी नुसता उजेड दिसतो आणि त्या उजेडात बैलांच्या घंटा ऐकू येतात, अशा ओळीवर मी प्रकरण संपवलं. पमीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मी ते बघितलं, पोटभर बघितलं, आणि चप्पल घालून घरी आले.

शनिवारी पमी मंडळात म्हणाली, "मले त्या आंधळ्या गोदाची फार कीव आली."

"कोण आंधळी?" नलूबाईंनी विचारलं.

"गोदा. पत्रवाली."

रश्मी हळूच म्हणाली, "आई, गोदा कुठं आंधळी होते?"

"अशी कशी नाही? तिचा हात आखडतो, मग डोळे जातात. मंगीनं वाचलं."

नलूबाई पानं चाळत राहिल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीही म्हणू शकत होते. मी म्हणाले, "मी असं काही वाचलं नाही."

पमीचा चेहरा आवाजाकडे वळला. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, पण ती तो शोधत होती.

तिथून सगळं भरभर झालं. रश्मीला आधीपासून भीती होतीच, कारण तिच्या वडिलांना शेवटी कोणीच ओळखू यायचं नाही. आता तिला सगळीकडे खुणा दिसू लागल्या. पमीनं मीठ दोनदा टाकलं, पमीनं एकच गोष्ट पुन्हा विचारली. यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना घरच्यांनी जे सांगितलं त्यावर त्यांनी गोळ्या दिल्या आणि पुन्हा तपासायला यायला सांगितलं. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. गॅसजवळ जायला मनाई झाली. मुलानं नागपूरच्या एका संस्थेत चौकशी केली, जिथं अशा माणसांना ठेवतात. संक्रांत झाली की न्यायचं ठरलं.

एका दुपारी तिनं माझा हात धरला. "मंगे, मले खरं सांग. गोदा आंधळी होते ना? तू वाचलं ना?"

"नाही व पमे. गोदा आंधळी होत नाही. तुले भास झाला असन."

"मग मले ते कुठून आलं? सगळं मले ऐकू आलं आहे. पाखरं, हात, घंटा." ती लहान पोरीसारखी रडायला लागली. "मले भ्या वाटून राह्यलं मंगे. माह्यं डोकं गेलं तर माह्याजवळ काय राह्यलं?"

मी तिला थोपटलं. हो, थोपटलं. आणि आत कुठंतरी एक बाई कडी लावलेल्या खोलीत बसून म्हणत होती, अजून. अजून थोडं.

पण मग तिळगुळ घेऊन लोक यायला लागले. संक्रांतीला अजून चार दिवस होते, पण पमी जाणार म्हणून बायका आधीच येऊन भेटत होत्या. नलूबाई पमीला पाया पडू देईनात, उलट तिलाच जवळ घेऊन बसल्या. शेजारची म्हणाली, "किती चांगलं माणूस. कोणाचं कधी वाईट चिंतलं नाही." सगळ्या मान हलवत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला एकदम उमगलं, मी काय करून बसले. मी तिला शिक्षा देत नव्हते. मी तिला सोडवत होते. डोकं गेलेल्या बाईला कोण जाब विचारणार? दोन-चार महिन्यांत गोळ्यांनी तिला स्वतःलाच काही आठवणार नाही. ती नागपूरच्या खाटेवर निष्पाप मरेल, आणि गावात तिची आठवण एक बिचारी, मायाळू बाई म्हणून राहील.

हे मला सहन होणार नव्हतं. तिला वेडी म्हणून कीव मिळावी यासाठी मी एवढं केलं नव्हतं. तिनं शहाणी राहायला हवं होतं. शहाणी, आणि ओळखलेली.

त्या शनिवारी शेवटचा भाग बघायचा होता. मालिकेत त्यांनी गोदाचं पात्र सरळ उडवून लावलं होतं. पत्रच नाही. तांड्यावर फौज चाल करून येते, बस्स. सरला आधीच कावली होती. "फेटियाले, आमच्या घागऱ्याले, एवढे आरसे लावून बैल कोण हाकतं हो?" ती म्हणाली. नलूबाई म्हणाल्या, "पण गोदाला काढलं ते बरंच केलं. तिच्यामुळे कथा उगाच कडवट होते."

मी उभी राहिले. मंडळात कोणी उभं राहून बोलत नाही.

"गोदा आंधळी होते असं मीच वाचलं," मी म्हणाले. "पुस्तकात नव्हतं. मी रोज रचून वाचत होती. प्रमिलाच्या डोक्याले काही झालेलं नाही. तिनं जे ऐकलं ते ऐकलं."

रश्मी खुर्चीवरून अर्धी उठली. "काकू, तुम्ही काय बोलून राह्यल्या?"

"आणि काहून, ते पण ऐका." मी सगळं सांगितलं. वसंत, टायपिंगचा क्लास, पत्र, ते वाक्य. ते वाक्य मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, बाबांपुढं म्हटलं होतं तसं. "पमे, आता तू सांग."

गिरणीचा आवाज खिडकीतून येत होता. गोळ्यांनी पमीची जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट आले.

"हो. मीच लिहिलं."

"काहून?"

"मले तेव्हा ते बरोबर वाटलं. कोणी सांगतलं नव्हतं. कोणाच्या दबावात नव्हती. आपल्या घरची पोरगी तिकडं जाईन, हे मले बघवलं नाही. मी लिहिलं, पेटीत टाकलं आणि घरी येऊन जेवली. नंतर तू रडली तेव्हा वाईट वाटलं. पण चुकलं असं नाही वाटलं. लय वर्षं नाही वाटलं."

मला वाटलं होतं, ती नाकारेल किंवा कोसळेल. या दोन्हींची मी तयारी केली होती. या साध्या, कोरड्या खरेपणाची नव्हती.

रश्मी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माह्या सासूले तुम्ही वेड्यात काढलं. ती झोपेत दचकून उठते. परवा मले म्हणे, रश्मी, मी मी आहे ना? तुम्हाले काही वाटलं नाही?" वाटलं होतं. चांगलं वाटलं होतं. ते तिला कसं सांगणार?

सरला आपली पिशवी उचलत होती. मी तिला विचारलं, का कोण जाणे, "तू ओळखत असशील. वसंत राठोड."

"आमच्याकडं वसंत राठोड लय आहेत, काकू," ती म्हणाली. मग दारात थांबली. "त्या दिवशी या काकू बोलल्या, सगळ्या हसल्या. तुम्हाले तुमचं पत्र ऐकू आलं. माह्या आईवर हसून राह्यले, ते तुम्हाले ऐकू आलं का? तुम्ही तेव्हा एक शब्द बोलल्या नाही. नंतरही महिनाभर तुम्ही तुमचाच हिशेब केला." ती गेली. मला आजवर कोणी इतकं अचूक मारलेलं नाही.

पमीच्या गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, डोकं ठणठणीत निघालं. नागपूर रद्द झालं. मंडळात मला कोणी येऊ नका म्हटलं नाही, पण माझ्यासाठी खुर्ची ओढणं बंद झालं, आणि मीच जायचं सोडलं. पमीही जात नाही. तिच्याकडे तिळगुळ घेऊन येणाऱ्या बायका आता रस्त्यात रश्मीला तेवढं विचारतात, सासू बरी आहे ना. याचा मला आनंद आहे. खोटं कशाला बोलू? आनंद आहे. पमीच्या अंगणात आता कोणी फिरकत नाही, आणि माझ्याही. एवढं तरी दोघींच्या वाट्याला सारखं आलं.

सरलाच्या घरी मी उन्हाळ्यात गेले. तिच्या आईनं पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. भाकरी विचारली नाही. मीही मागितली नाही.

आणि मागच्या आठवड्यात पमीचा फोन आला. दहा महिन्यांनी. "कापूस उडून राह्यला का व बाहेर?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाली, "पुस्तक अर्धं राह्यलं आपलं."

"रश्मी वाचून दाखवन."

"वाचते ना. तिनं वाचलं दोन दिवस. पण तिच्या आवाजात गोदा मले गोदा वाटत नाही." मग म्हणाली, "खरं वाच या वेळी. जे आहे ते."

मी गेले. का गेले, हे मला नीट सांगता येत नाही. रश्मीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. ती त्याच खोलीत बसून राहिली, हातात पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन. मी वाचेन ते ओळीओळीनं ताडून बघायला. बरोबरच आहे तिचं.

चार दुपारी लागल्या. जिथं पहिलं खोटं वाक्य घातलं होतं, तिथून मी सुरुवात केली आणि लेखकानं लिहिलं तसं, स्वल्पविरामासकट वाचत गेले. शेवटी रेवा पुन्हा बारवेत उतरते आणि त्या काळात परत जाते. हरसिंग कैदेतच मेलेला असतो. तांडा विखुरलेला. तिला भेटते ती म्हातारी गोदा, ओसरीवर तूर पाखडत बसलेली, धडधाकट डोळ्यांची. गोदा तिला ओळखते. सुपातले दाणे तिच्या हातून सांडतात. रेवा खाली बसते, ते दाणे गोळा करून तिच्या सुपात घालते आणि म्हणते, 'जे झालं ते झालं. माझ्या मनात आता तुझ्याबद्दल काही नाही.'

हे वाक्य मी नीट वाचलं. गाळलं नाही, घाईनं उरकलं नाही. आवाज थोडा खाली आला असेल.

पमीनं डोळे मिटून घेतले होते, ज्यांना मिटण्या-उघडण्यानं आता काही फरक पडत नाही. तिचा हात खुर्चीच्या कडेवरून माझ्या दिशेनं आला आणि मध्येच थांबला. रश्मीनं आपल्या प्रतीवरून बोट उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"पमे," मी म्हणाले, "हे पुस्तकातलं आहे. माह्यं नाही."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "पुढं वाच."